गावातलं गेट कापणारं मशीन विद्यार्थ्यांचा रोबोट घडवू शकतं का? सीएनसी प्लाझ्माचं गणित समजून घ्या

तुमच्या भागात गेल्या पाच-सात वर्षांत बांधलेल्या एखाद्या बंगल्याचं गेट आठवून बघा. लोखंडी पत्र्यात कोरलेली वेलबुट्टी, मधोमध गणपती किंवा घराचं नाव, जिन्याच्या रेलिंगलाही तीच नक्षी. ही नक्षी हाताने कोरलेली नसते. तालुक्याच्या ठिकाणी, हायवेलगतच्या एखाद्या शेडमध्ये एक मोठं टेबल असतं, त्यावर पत्रा टाकलेला असतो आणि संगणकाच्या हुकमाने फिरणारा एक टॉर्च निळसर-पांढऱ्या झोतात तो पत्रा कापत असतो. त्या मशीनचं नाव सीएनसी प्लाझ्मा कटर.

हेच मशीन अमेरिकेतल्या अनेक शाळांच्या वर्कशॉपमध्ये आहे, आणि तिथली नववी ते बारावीची मुलं त्यावर रोबोटचे भाग कापतात.

आता हा विषय आपल्याकडे का काढायचा? कारण २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५० हजार अटल टिंकरिंग लॅब उभ्या करण्याची घोषणा झाली. याआधी देशभरात अशा १० हजारांहून जास्त लॅब सुरू झाल्या आहेत. या लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर येतो, सेन्सर येतात, मायक्रोकंट्रोलर येतात, हाताची अवजारं येतात. मुलं कोड लिहितात, मोटर फिरवतात. पण रोबोट पाच-दहा किलोच्या पुढे गेला, कुणाला तरी धडकणार असला किंवा काही उचलणार असला, की प्लास्टिक पुरत नाही. तिथे धातू लागतो. आणि धातू कापायचा कुणी, कुठे आणि कशाने, हा प्रश्न या सगळ्या चर्चेत फारसा कुणी विचारत नाही.

आधी, एवढी घाई कसली असते?

रोबोटिक्स स्पर्धेचा सगळा खेळ वेळेचा आहे. अमेरिकेत डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था सुरू केली. तिची पहिली रोबोटिक्स स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये २८ संघांमध्ये झाली. आज संघांची संख्या तीन हजारांवर आहे, आणि भारतातून, त्यातही मुंबईतून, संघ तिथे गेलेले आहेत. दरवर्षी जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो. मार्च उजाडायच्या आसपास स्पर्धा सुरू होतात. म्हणजे डिझाइन, बनवणं, मोडणं, पुन्हा बनवणं हे सगळं साधारण सहा ते आठ आठवड्यांत. २०२५ च्या हंगामात रोबोटच्या वजनाची मर्यादा बॅटरी आणि बंपर सोडून ११५ पौंड, म्हणजे सुमारे ५२ किलो होती. हा काही टेबलावरचा खेळण्यातला रोबोट नाही, हे या आकड्यावरून लक्षात येईल.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे रोबोकॉन. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ही स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली, भारतात तिची सूत्रं दूरदर्शनकडे असतात. पुण्याने तिची आंतरराष्ट्रीय फेरी दोनदा भरवली, २००८ मध्ये आणि २०१४ मध्ये. २००८ चा विषय तर अस्सल आपला होता, गोविंदा! वेगवेगळ्या देशांतल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रोबोंनी पुण्यात येऊन दहीहंडीवर बेतलेला खेळ खेळला. २०१४ मध्ये 'पालक' रोबोने 'मूल' रोबोला उचलून झोपाळा, सी-सॉ खेळायला न्यायचं होतं.

अशा स्पर्धेत हरणारा संघ बहुतेक वेळा हुशारीत कमी पडलेला नसतो. त्याने पाचव्या आठवड्यात पहिल्यांदा पूर्ण रोबोट चालवलेला असतो, आणि जिंकणाऱ्या संघाने दुसऱ्या आठवड्यात. दोघांच्या मधलं अंतर असतं ते एक भाग चुकल्यावर दुसरा भाग हातात यायला किती वेळ लागतो याचं. प्लाझ्मा कटरची खरी किंमत इथे आहे. तो सर्वात अचूक नाही. सर्वात सुबकही नाही. पण दुपारी स्क्रीनवर काढलेला भाग संध्याकाळी हातात देतो.

पत्रा कापतो म्हणजे नेमकं काय करतो?

तत्त्व सोपं आहे. कॉम्प्रेसरमधून येणारी हवा एका बारीक तोंडातून, म्हणजे नोझलमधून, जोरात सोडायची. नोझलच्या आत एक इलेक्ट्रोड असतो, तांब्याचा, टोकाला हॅफनियम धातूचा ठिपका बसवलेला. या इलेक्ट्रोडपासून खालच्या पत्र्यापर्यंत विजेचा आर्क पेटवला की मधली हवा इतकी तापते की तिचा प्लाझ्मा होतो. तापमान २० हजार अंश सेल्सियसच्या घरात. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंशांचा आहे, म्हणजे हिशेब करा. या झोतात धातू वितळतो आणि हवेच्या जोराने खालून उडून जातो.

वीज पत्र्यातून वाहिली पाहिजे, ही यातली अट. त्यामुळे लोखंड, स्टेनलेस स्टील, अ‍ॅल्युमिनियम कापता येतं. प्लायवूड, अ‍ॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट अजिबात नाही. शाळेसाठी 'सगळं कापणारं एक मशीन' शोधणाऱ्यांनी इथेच थांबलेलं बरं.

'सीएनसी' म्हणजे टॉर्च हातात धरायचा नाही, मोटर त्याला आखलेल्या रेषेवरून फिरवतात. तीन मिलिमीटरच्या पत्र्यात हा टॉर्च मिनिटाला काही मीटर वेगाने पळतो. रोबोटचा एखादा हातभर लांबीचा भाग, त्यातल्या खिडक्या आणि भोकांसकट, दोन-तीन मिनिटांत सुटा होतो. तोच भाग हॅकसॉ आणि कानशीने करायला बसलात तर दिवस जाईल, आणि डावा-उजवा असे दोन सारखे भाग हवे असतील तर ते सारखे होणारच नाहीत.

एक भाग कसा तयार होतो

समजा चाकाच्या बाजूला लागणारी प्लेट बनवायची आहे. ३०० बाय २०० मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर. लोखंडात हिचं वजन होतं सुमारे १ किलो ४०० ग्रॅम. अ‍ॅल्युमिनियममध्ये ४९० ग्रॅमच्या आत. अशा दहा प्लेट लागल्या तर लोखंडाच्या १४ किलो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ५ किलोला कमी. वजनाची मर्यादा ५२ किलो असेल तर लोखंडाने चौथा हिस्सा नुसत्या प्लेटांनीच खाल्ला. म्हणून रोबोटवाल्यांचा जीव अ‍ॅल्युमिनियमवर असतो, आणि त्यातही जिथे ताण नाही तिथे त्रिकोणी खिडक्या कापून वजन उतरवतात.

डिझाइन कॅड सॉफ्टवेअरमध्ये होतं, त्यातून सपाट रेषांची डीएक्सएफ फाइल निघते. इथपर्यंत सगळं थ्रीडी प्रिंटिंगसारखंच वाटतं. गंमत पुढे आहे.

झोताला स्वतःची जाडी असते. तो जिथून जातो तिथला धातू नाहीसा होतो. या खाचेला कर्फ म्हणतात आणि ती साधारण एक ते दोन मिलिमीटर असते. दीड धरू. टॉर्च तुमच्या रेषेवरून सरळ फिरवला तर १०० मिलिमीटरचा चौकोन ९८.५ चा निघेल आणि ३० मिलिमीटरचं भोक ३१.५ चं. म्हणून सॉफ्टवेअरला कर्फ सांगावी लागते, मग ते टॉर्च बाहेरच्या कडेला बाहेरून आणि भोकाला आतून चालवतं. नवीन मुलांच्या हातून पहिला पत्रा वाया जातो तो बहुतेक इथेच.

दुसरं, टॉर्च पेटतो त्या जागी पत्र्याला ओबडधोबड खड्डा पडतो. तो खड्डा भागाच्या कडेवर नको म्हणून सुरुवात टाकाऊ बाजूला करायची आणि मग रेषेवर यायचं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडलेली. नोझलमधली हवा सरळ येत नाही, ती भोवऱ्यासारखी गरगरत येते. त्यामुळे टॉर्च ज्या दिशेला चाललाय तिच्या उजव्या हाताची कड सरळ उभी कापली जाते आणि डाव्या हाताची तिरकी. मग चांगली कड आपल्या भागाला मिळावी यासाठी काय करायचं? बाहेरचा आकार प्रदक्षिणेच्या दिशेने कापायचा. देवाला प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला असतो, तसा भाग टॉर्चच्या उजव्या हाताला राहतो. आतली भोकं मात्र उलट्या दिशेने. गेट कापणाऱ्या अनुभवी ऑपरेटरला हे कुणी भौतिकशास्त्र म्हणून शिकवलेलं नसतं, पण त्याच्या हाताला ते माहीत असतं.

आणि उंची. उष्णतेने पत्रा वाकतो, मध्येच फुगतो. टॉर्च आणि पत्र्यातलं अंतर बदललं की कापाचा दर्जा बदलतो, कधी टॉर्च पत्र्यावर आपटतोही. बऱ्या मशीनमध्ये आर्कचं व्होल्टेज मोजून टॉर्च आपोआप वर-खाली करणारी यंत्रणा असते. ती नसेल तर रोबोटसारख्या पातळ कामासाठी मशीन घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

घोडं अडतं ते भोकापाशी

गेटच्या नक्षीत एखादं भोक अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तर गणपतीला काही फरक पडत नाही. रोबोटमध्ये पडतो.

साधा एअर प्लाझ्मा वापरताना एक ढोबळ नियम पाळतात. पत्र्याच्या जाडीच्या दीड-दोन पटीपेक्षा लहान भोक कापायच्या फंदात पडू नये, आणि पत्रा पातळ असला तरी पाच-सहा मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. छोट्या गोलात टॉर्च वेग पकडत नाही, झोत मागे रेंगाळतो आणि भोक वर गोल, खाली लंबगोल असं काहीतरी निघतं. जिथून कापायला सुरुवात झाली तिथे एक टेंगूळ किंवा खाच राहते ती वेगळीच. रिव्हेट आणि छोट्या स्क्रूची भोकं नेमकी याच मापाची असतात.

यावर तोडगा जुना आहे. प्लाझ्माने भोक कापायचंच नाही. फक्त त्या जागी एक ठिपका उमटवायचा आणि नंतर ड्रिल मशीनवर भोक पाडायचं. ठिपका सीएनसीने मारलेला असल्यामुळे भोकांमधलं अंतर बऱ्यापैकी नेमकं येतं, गोलाई ड्रिल देतं. एक सावधगिरी आहे. लोखंडात आधी प्लाझ्माने लहान भोक कापून मग ते ड्रिलने मोठं करायला गेलात तर हवेतल्या नायट्रोजनने आणि उष्णतेने कड कडक झालेली असते, ड्रिलची धार बसते. म्हणून ठिपका बरा.

बेअरिंगची गोष्ट आणखी कठीण. स्केटिंगच्या चाकात असतं ते ६०८ नंबरचं बेअरिंग घ्या, त्याचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर. ते घट्ट बसवायचं तर भोक मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकं अचूक लागतं. प्लाझ्मा चुकतो तो दशांशात. दोन गिअर एकमेकांत नीट बसायला त्यांच्या केंद्रांमधलं अंतरही असंच काटेकोर लागतं. म्हणजे प्लाझ्माने थेट कापलेल्या प्लेटवर गिअरबॉक्स उभा केला तर तो घरघरणार, नाहीतर अडकणार.

अनुभवी संघ इथे मशीनशी भांडत बसत नाहीत, डिझाइन बदलतात. गिअरच्या जागी चेन किंवा बेल्ट घ्यायचा आणि मोटरच्या बोल्टसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाच ठेवायची, म्हणजे मोटर सरकवून ताण जुळवता येतो. सायकलची चेन घट्ट करायला मागचं चाक सरकवतो तीच युक्ती. बेअरिंगसाठी प्लेटमध्ये मुद्दाम मोठं भोक ठेवायचं आणि त्यावर वेगळं बनवलेलं बेअरिंगचं घर बोल्टने बसवायचं. ताण कमी असेल तर हे घर थ्रीडी प्रिंटरवरही छापता येतं.

थ्रीडी प्रिंटर आणि प्लाझ्मा कटर एकमेकांचे स्पर्धक नाहीत, हे इथे दिसतं. एक गुंतागुंतीचे छोटे आकार नेमके देतो पण ताकद कमी देतो. दुसरा ताकद देतो, नेमकेपणा कमी. आपल्या शाळांकडे यातली एकच बाजू आहे.

मग लेझर का नको?

हा प्रश्न येणारच. पुण्यात, भोसरी-चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांना विचाराल तर ती म्हणतील, प्लाझ्मा कशाला, लेझरवर टाक. बरोबर आहे त्यांचं. फायबर लेझर पातळ पत्रा कितीतरी बारीक खाचेने कापतो, कड स्वच्छ येते, रिव्हेटची भोकं तिथल्या तिथे तयार. गेल्या काही वर्षांत या मशीनच्या किमतीही उतरल्या. मोठ्या औद्योगिक शहरांत पातळ पत्र्याचं काम बरंचसं लेझरकडे गेलं आहे आणि प्लाझ्मा जाड प्लेटपुरता राहिला आहे.

पाण्याच्या झोताने कापणारं वॉटरजेटही आहे, त्यात उष्णतेचा प्रश्नच येत नाही, पण ते सावकाश आणि महाग. अमेरिकेतल्या बऱ्याच संघांनी अलीकडे सीएनसी राउटर जवळ केला आहे. तो अ‍ॅल्युमिनियमसोबत पॉलिकार्बोनेटही कापतो आणि भोकं नेमकी पाडतो. वेळ मात्र जास्त घेतो, आणि पत्रा नीट आवळला नसेल तर टूल तुटतं.

म्हणजे शुद्ध गुणवत्तेवर प्लाझ्मा पहिला येत नाही. पण सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्यातल्या, किंवा गडचिरोलीतल्या मुलांसाठी प्रश्न 'कोणतं मशीन उत्तम' असा नसतो. 'एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर कोणतं मशीन आहे' असा असतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शेतीची अवजारं, गेट-ग्रिल यांच्या जोरावर प्लाझ्मा मशीन बऱ्याच तालुक्यांत पोहोचलं आहे. लेझर तितका पोहोचलेला नाही. रोबोटिक्स हा पुण्या-मुंबईच्या महागड्या शाळांचा खेळ राहू नये असं वाटत असेल तर या फरकाला महत्त्व आहे.

धोक्याचं बोलू या, कारण ते कुणी बोलत नाही

सोशल मीडियावर प्लाझ्मा कटिंगच्या रील्स भरपूर आहेत. ठिणग्यांचा पाऊस, मागे गाणं. त्यात ऑपरेटरच्या डोळ्यावर कधी चष्मा असतो, कधी नसतो. पायात चप्पल तर नेहमीचीच.

आर्कमधून अतिनील किरण येतात. उघड्या डोळ्यांनी पाहत राहिलं तर वेल्डिंगसारखंच रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं. शाळेच्या वापरातल्या छोट्या मशीनलाही शेड ५ किंवा त्याहून गडद काच लागते, अँपिअर वाढले की काचही वाढवायची. साधा गॉगल चालत नाही. धूर हा दुसरा मुद्दा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा कापला तर जस्ताचा धूर निघतो, त्याने ताप येतो. स्टेनलेस स्टीलच्या धुरात हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं, ज्याचा संबंध कर्करोगाशी आहे. बंद खोलीत, पंखा लावून हे काम करणं म्हणजे धूर सगळ्यांना वाटण्यासारखं आहे. तो खेचून बाहेर काढणारी व्यवस्था पाहिजे.

आणि अ‍ॅल्युमिनियमचा एक खास धोका, जो रोबोटवाल्यांनी तरी माहीत करून घ्यायलाच हवा. अनेक टेबलांखाली पाणी भरलेलं असतं, धूर आणि ठिणग्या दबाव्यात म्हणून. लोखंडासाठी ते चांगलंच. पण वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम पाण्यात पडलं की हायड्रोजन तयार होतो. तो पत्र्याखाली साठला आणि वरून आर्क पेटला तर स्फोट होऊ शकतो. मशीन बनवणाऱ्या कंपन्या याचा स्पष्ट इशारा देतात. पाणी खेळतं ठेवणं, तळाचा गाळ नियमित काढणं ही कामं कंटाळवाणी आहेत म्हणून टाळली जातात. कोरडं टेबल घेतलं तर प्रश्न संपतो असंही नाही. अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ फिल्टरमध्ये साठते आणि दुसऱ्या दिवशी लोखंड कापताना उडालेली ठिणगी तिला पेटवू शकते.

एक छोटी गोष्ट कोकण-मुंबईकरांसाठी. प्लाझ्माला कोरडी हवा लागते. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते नोझलपर्यंत पोहोचलं की काप वेडावाकडा होतो आणि इलेक्ट्रोड-नोझल झपाट्याने जळतात. ड्रायर किंवा निदान चांगला फिल्टर बसवणं आणि रोज टाकीचं पाणी सोडणं, हे इथे जास्तीचं काम नाही, मशीनचाच भाग आहे.

हे सगळं वाचून 'मग शाळेत हे मशीन नकोच' असं वाटलं असेल तर मी सहमत आहे. बहुतेक शाळांत नकोच.

मग ते असावं कुठे?

अटल टिंकरिंग लॅबसाठी आतापर्यंत शाळेला जास्तीत जास्त २० लाख रुपये मिळत आले. त्यातले १० लाख उभारणीला आणि १० लाख पाच वर्षांपर्यंतच्या खर्चाला. यात संगणक, प्रिंटर, किट्स, जागेची डागडुजी सगळं बसवायचं. त्यात प्लाझ्मा टेबल, कॉम्प्रेसर, धूर खेचणारी यंत्रणा, थ्री-फेज वीज आणि ते चालवणारा माणूस कोंबायचा म्हणजे एक महागडं मशीन ताडपत्रीखाली झाकून ठेवण्याची तयारी करणं. बंद पडलेले संगणक-कक्ष आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.

पण महाराष्ट्रात चारशेहून जास्त सरकारी आयटीआय आहेत. तिथे वेल्डर हा ट्रेड आहे आणि वेल्डरच्या अभ्यासक्रमात प्लाझ्मा कटिंग आहे. तिथे थ्री-फेज वीज आहे, शेड आहे, वेल्डिंगच्या काचा आहेत आणि, सर्वात महत्त्वाचं, आर्कची सवय असलेले निदेशक आहेत. दुसरीकडे केंद्राने आयटीआयच्या सुधारणेसाठी ६० हजार कोटींची योजना आणली. मे २०२५ मध्ये तिला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, ऑक्टोबरमध्ये 'पीएम-सेतू' नावाने ती सुरू झाली. देशातल्या एक हजार सरकारी आयटीआय यात येणार, २०० मुख्य केंद्रं आणि त्यांना जोडलेल्या ८०० संस्था अशी रचना आहे.

या दोन योजनांची नावं एका वाक्यात सहसा ऐकू येत नाहीत. एक शाळकरी मुलांच्या 'इनोव्हेशन'ची, दुसरी कारागिरांच्या 'स्किल'ची. आपल्या व्यवस्थेत हे दोन वेगळे कप्पे आहेत आणि खरं सांगायचं तर दोन वेगळ्या इयत्ताही आहेत. रोबोट बनवणारा मुलगा हुशार, वेल्डिंग शिकणारा 'दहावीला कमी मार्क पडलेला'. पण रोबोटच्या प्लेटला भोक नेमकं कुठे पाडायचं आणि कुठे नुसता ठिपका मारायचा हे ज्याला कळतं तो वेल्डिंगवालाच असतो. शाळेची लॅब डिझाइन करेल, प्लास्टिकचे भाग छापेल, आणि महिन्यातले दोन शनिवार जवळच्या आयटीआयमध्ये धातू कापला जाईल, यासाठी नवीन इमारत लागत नाही. दोन खात्यांची एक परवानगी लागते. अर्थात, आपल्याकडे इमारत सोपी आणि परवानगी अवघड असते, ही गोष्ट निराळी.

यात एक धोका मात्र आहे. मुलांनी फाइल मेल केली, आयटीआयने भाग कापून पाठवले, एवढंच झालं तर मुलांना काहीच कळणार नाही. कर्फ विसरल्यामुळे न बसणारी प्लेट हातात घेऊन मशीनशेजारी, काचेमागे उभं राहिलं की पुढचं डिझाइन आपोआप सुधारतं. टॉर्च शाळकरी मुलाच्या हाती द्यायची गरज नाही. पत्रा निवडणं, फाइल लावणं, मापं घेणं, कडेचा स्लॅग झाडणं, कानस मारणं हे त्याने करायला हवं.

आणि तोपर्यंत?

तोपर्यंत तो गेटवाला आहेच. त्याच्याकडे जायचं तर काही गोष्टी तयार ठेवा. डीएक्सएफ फाइल मिलिमीटरमध्ये आहे का ते तपासा, इंच-मिलिमीटरच्या घोळात रोबोट एक तर मुंगीएवढा होतो नाहीतर हत्तीएवढा. रेषा बंद असाव्यात, एकावर एक दोन रेषा नसाव्यात, नाहीतर मशीन त्याच जागी दोनदा कापतं. कर्फ तुम्ही धरली आहे की ऑपरेटर धरणार हे आधी बोलून घ्या, दोघांनी धरली तर भाग दीड मिलिमीटरने मोठा येतो. लहान भोकांवर 'फक्त मार्किंग' असं लिहून द्या. दर बहुतेक ठिकाणी कापाच्या लांबीवर, जाडीवर आणि किती वेळा पत्रा भेदावा लागतो त्यावर ठरतो, त्यामुळे वजन उतरवायला पन्नास छोट्या खिडक्या काढण्यापेक्षा पाच मोठ्या खिडक्या स्वस्त पडतात.

अ‍ॅल्युमिनियम स्वतः घेऊन जा. बाजारातला साधा पत्रा मऊ असतो, हाताने वाकतो. ६०६१ ग्रेड मागून घ्या. गेटवाला रोज लोखंडच कापत असेल तर अ‍ॅल्युमिनियमला नकार देऊ शकतो, आणि त्याच्या टेबलाखाली पाणी असेल तर त्याने नकार दिलेलाच बरा. अशा वेळी पहिला नमुना दोन मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्यात कापून घ्या. तीन मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तो जवळजवळ दुप्पट जड होईल, पण कोणतं भोक चुकलंय ते त्याच दिवशी कळेल.

आणि त्याच्या वेळेचा अंदाज घेऊन जा. लग्नसराईच्या आधी आणि दिवाळीच्या तोंडावर गेटची कामं साचलेली असतात, तेव्हा तुमच्या चार प्लेटांना कुणी विचारणार नाही. सकाळी दहाच्या आत, त्याने दिवसाचा पहिला पत्रा लावायच्या वेळी पोहोचलात तर त्याच पत्र्याच्या उरलेल्या कोपऱ्यात तुमचे लोखंडी नमुने बसून जातात.